फौजी घराचे मत



अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीचा हंगाम आला, की ज्या घरातील मूल सैन्यात आहे त्या घराकडे शेजारी, वार्ताहर आणि दोन्ही पक्षांचे प्रचारक एका विशेष अपेक्षेने पाहू लागतात, आणि त्या घरच्या एखाद्या माणसाशी दोन शब्द बोलले म्हणजे साऱ्या सेनेचा कौल आपल्या हाती आला, अशा भ्रमात परत जातात. आमचे घर अशांपैकी एक आहे. मुलगी अमेरिकेच्या भूसेनेत कॅप्टन आहे. जावई ओहायोचा, तो कालपरवापर्यंत त्याच सेनेत होता. माझा थोरला भाऊ भारतात मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार होऊन निवृत्त झाला. आणि व्हर्जिनिया राज्यात जे घर आहे, त्यात मी आणि माझे यजमान अशी दोन निव्वळ मुलकी माणसे राहतो. राष्ट्रीय राजकारणाविषयी या सर्वांची मते एका पंगतीत बसवता येतील, अशी मुळीच नाहीत. आणि तरीही ‘तुम्हां फौजी लोकांना काय वाटते?’ हा प्रश्न आम्हांला अनेकवचनातच विचारला जातो.

सैनिकाच्या घरचे मत हे दुसऱ्याच कोणाच्या तरी मालकीचे असते, ही समजूत काही आजची नाही आणि ती अमेरिकेतही जन्मलेली नाही. माझी पणजी सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात राहणारी, अक्षरशत्रू बाई. तिचा नवरा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर मेसोपोटेमियात गेला, तो कुतच्या वेढ्यानंतर परत आला नाही. आले ते पेन्शनीचे कागद. १९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्याने मताधिकार सरसकट सर्वांस दिलेला नव्हता. शेतसारा, मिळकत, शिक्षण अशा नाना अटी त्यास जोडलेल्या होत्या. परंतु फौजेतून निवृत्त झालेल्या शिपायास, त्याचप्रमाणे शिपायाच्या पेन्शनदार विधवेस आणि मातेस त्या कायद्याने मत बहाल केले होते. त्यामुळे १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत, जिच्या नावावर बिघाभर जमीन नव्हती अशी माझी पणजी मतदार ठरली, आणि गावातील पुष्कळ कर्ते पुरुष यादीबाहेर राहिले. गावच्या अंमलदार मंडळींनी गृहीत धरले, की सरकारची पेन्शन खाणारी ही बाई सरकारच्या मर्जीतल्या उमेदवारासच मत देणार. काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी तितक्याच खात्रीने गृहीत धरले, की जिचा नवरा सरकारने परमुलखात नेऊन मारला ती सरकारविरुद्धच मत देणार. तिला स्वतःला मात्र दोहोंपैकी कोणीही काही विचारले नाही. तिने मत कोणास दिले, हे आमच्या घरातही कधी कोणास कळले नाही.

आमच्या प्रजासत्ताकाने सर्व प्रौढांस मत दिल्यावर हा प्रश्न सुटला असे वाटावे, तर तसेही नाही. भारतात १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने सैनिकास सेवा-मतदार म्हणून आपल्या मूळ गावच्या यादीत राहण्याची सवलत दिली, आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्या पत्नीसही दिली. ‘पत्नीस’ असेच त्या कायद्यात लिहिलेले होते. फौजेतल्या स्त्री अधिकाऱ्याच्या नवऱ्याची गणती कोठे करावी, याचा विचार करण्यास आपल्या संसदेला २०२१ साल उजाडावे लागले. माझी भावजय पठाणकोटात असताना आपल्या सातारच्या यादीत मतदार होती आणि त्याचा तिला अभिमानही होता. तथापि ती भावाच्या मताप्रमाणे मत देते, असे जे सर्व नातेवाईक समजून चालत, त्यांना तिने माझ्यादेखत दिलेली उत्तरे या ध्वनिक्षेपणात उच्चारण्याजोगी नाहीत.

अमेरिकेत हिंदी माणसाचा लष्करी गणवेश आणि त्याचा मताधिकार यांचा संबंध अधिक कटू रीतीने आला. भगतसिंग थिंड हा शीख तरुण १९१८ साली अमेरिकेच्या सेनेत भरती झाला, आणि त्याच वर्षअखेर सन्मानपूर्वक सेवामुक्त झाला. नागरिकत्वासाठी त्याने केलेला अर्ज वादात सापडून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९२३ साली त्या न्यायालयाने असा निवाडा दिला, की सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदू मनुष्य ‘गोरा’ नव्हे, सबब तो या देशाचा नागरिक होऊ शकत नाही. बंदूक हाती देताना ज्याचा वर्ण कोणास आड आला नव्हता, त्याचा वर्ण मतपेटीपाशी आड आला. पुढे १९३५ साली पहिल्या महायुद्धातील शिपायांसाठी अमेरिकन काँग्रेसने निराळा कायदा केला, तेव्हा १९३६ मध्ये थिंड नागरिक झाला. इतर हिंदी लोकांस ते दार १९४६ साली उघडले. आज जे शेकडो परदेशातून आलेले तरुण गणवेश चढवून नागरिकत्वाची शपथ घेतात, त्यांना हे नाव ठाऊक असावे, असे मला फार वाटते.

आता मुलीच्या मताविषयी. ती काही काळ कोरियात सोलच्या दक्षिणेस असलेल्या कॅम्प हम्फ्रीज या तळावर तैनात होती, आणि तिची मतपत्रिका व्हर्जिनियातील आमच्या काउंटीच्या निवडणूक दप्तरातून लष्करी टपालाने तिकडे जाई. १९८६ च्या कायद्याने सैनिकांस, त्यांच्या जोडीदारांस आणि परदेशस्थ नागरिकांस असे दुरून मत देण्याचा हक्क एकसूत्रपणे दिला. २००९ च्या कायद्याने त्यात ही भर घातली, की मतदानाच्या निदान ४५ दिवस आधी मतपत्रिकेची रवानगी झाली पाहिजे. अर्जाच्या नमुन्यावर टपाल हशील लागत नाही, आणि मतपत्रिका वेळेवर पोहोचलीच नाही तर उमेदवाराचे नाव स्वहस्ते लिहून पाठवता येईल, असा एक राखीव कागदही असतो. हे सारे रुक्ष वाटेल. पण २००० साली फ्लॉरिडात अध्यक्षपदाचा निकाल अवघ्या ५३७ मतांवर येऊन ठेपला, तेव्हा परदेशी तळांवरून आलेल्या, टपालाचा शिक्का नसलेल्या लिफाफ्यांवरून वकिलांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या होत्या. त्या कज्ज्यात सैनिकाच्या हक्काचा कळवळा कोणास किती आला, हे त्याचे मत आपल्या लाभाचे आहे की नाही या अंदाजावर ठरले होते, हे माझे मत. आणि ते दोन्ही पक्षांविषयी आहे.

अंदाजही बहुधा चुकतात. १८६४ साली यादवी युद्ध ऐन भरात असताना लिंकनसमोर उमेदवार म्हणून उभा होता तो जनरल मॅक्लेलन, म्हणजे ज्याने पोटोमॅकची सेना घडवली आणि ज्याच्यावर शिपायांचा जीव होता असा सेनापती. पुष्कळ राज्यांनी त्या वर्षी शिपायांस छावणीतच मत देण्याची मुभा दिली. इंडियानाने दिली नाही, म्हणून लिंकनने सप्टेंबरात जनरल शर्मनला पत्र लिहून, तेथील शिपायांस मतदानासाठी घरी जाऊ देता आले तर पाहावे, अशी विनंती केली. हुकूम करता आला असता त्याने विनंती केली, हे मला विशेष वाटते. लोकांचा तर्क असा, की शिपाई आपल्या लाडक्या सेनापतीस मते देतील. शिपायांनी प्रचंड बहुमताने लिंकनला दिली. युद्ध संपवून घरी जाण्याची ज्यांना सर्वांहून अधिक आस होती, त्यांनीच युद्ध शेवटास नेऊ पाहणाऱ्यास निवडले; याचा उलगडा छावणीबाहेरच्या पंडितांस व्हावा तरी कसा?

आमच्या घरातला खरा वाद मात्र निराळाच आहे, आणि त्याचा निकाल अद्याप लागलेला नाही. जनरल जॉर्ज मार्शल यांनी आयुष्यात कधी मतदान केले नाही, हे प्रसिद्ध आहे; दुसऱ्या महायुद्धात साऱ्या अमेरिकन भूसेनेची सूत्रे हलवणारा हा पुरुष पक्षनिरपेक्षतेचा असा कडक अर्थ लावीत असे, आणि त्या काळच्या पुष्कळ वरिष्ठ अधिकाऱ्यांची हीच रीत होती. माझी मुलगी इतकी पुढे जात नाही. ती शाळामंडळाच्या सदस्यांपासून सेनेटरापर्यंत सर्वांसाठी मत देते, आणि अध्यक्षपदाचा रकाना मात्र कोरा ठेवते. हे तिने प्रथम सांगितले तेव्हा माझे यजमान इतके अस्वस्थ झाले, की जेवणाचे ताट तसेच राहिले. त्यांचे म्हणणे असे, की ज्याच्या एका आज्ञेवर आपल्या लेकीस मृत्यूच्या तोंडात जावे लागेल, त्यास निवडण्याचा हक्क सर्वांच्या आधी तिचा आहे. १९७१ साली या देशाने मताधिकाराचे वय एकवीसवरून अठरावर आणले तेही व्हिएतनाममध्ये पाठवलेल्या पोरांकडे पाहून, हे ती विसरते. मुलीने शांतपणे उत्तर दिले, “बाबा, ज्याला मी मत दिलं नाही त्याचाही हुकूम मला तितक्याच निष्ठेनं पाळता आला पाहिजे. तो रकाना कोरा असला, की मला ते सोपं जातं.” मला तिचे म्हणणे पटत नाही. कोरा रकाना हेही एक मत आहे आणि त्याचा हिशेब कोणीतरी ठेवतोच, असे मी तिला पुष्कळदा सांगितले. पण तिच्या त्या वाक्यात मला न पटणारे असे नेमके काय आहे, हे बोट ठेवून दाखवणे मला आजवर जमलेले नाही.

तिच्यावर बंधनेही आहेतच. सैनिकाने मत द्यावे, पक्षास वर्गणी द्यावी, गणवेशाविना सभेस जाऊन बसावे, मोटारीच्या मागे लहानशी चिठ्ठी चिकटवावी, येथवर संरक्षण खात्याची ना नाही. परंतु पक्षाच्या व्यासपीठावरून बोलू नये, पक्षाच्या मिरवणुकीत चालू नये, आणि सरकारी वसाहतीतील घरावर पक्षाचा फलक लावू नये, असा हुकूम आहे. शिवाय लष्करी न्यायसंहितेच्या ८८ व्या कलमाप्रमाणे अध्यक्ष अथवा काँग्रेस यांविषयी तुच्छतेने बोलणारा अधिकारी लष्करी न्यायालयापुढे उभा राहू शकतो. आणि राजकारण तर अशा माणसाच्या पत्त्यापर्यंत येऊन पोहोचते! नॉर्थ कॅरोलायनातील ज्या फोर्ट ब्रॅगवर तिने उमेदीची वर्षे काढली, त्याचे नाव बंडखोर दक्षिणेकडील सेनापतीचे म्हणून २०२३ साली फोर्ट लिबर्टी झाले, आणि २०२५ साली पुन्हा फोर्ट ब्रॅग झाले, या वेळी दुसऱ्या महायुद्धातील ब्रॅग नावाच्याच एका साध्या शिपायाच्या सन्मानार्थ. त्यावर साऱ्या देशाने वाद घातला. तिने आपल्या पत्त्यात तेवढी दुरुस्ती केली.

माझ्यावर मात्र यांपैकी कोणतेच बंधन नाही, आणि माझी खरी अडचण तीच आहे. मी सभेत बोलू शकते, अंगणात फलक रोवू शकते, आणि ‘माझी मुलगी सैन्यात आहे’ एवढे चार शब्द आधी उच्चारले, तर समोरच्याचे तोंड बंद करू शकते. २०१६ साली खिज्र खान हे पाकिस्तानातून आलेले, आमच्याच व्हर्जिनियात शार्लट्सव्हिल येथे राहणारे गृहस्थ डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात उभे राहिले. त्यांचा मुलगा कॅप्टन हुमायून खान २००४ मध्ये इराकात आपल्या शिपायांना वाचवताना ठार झाला होता. खिशातून राज्यघटनेची छोटी प्रत काढून त्यांनी ती साऱ्या देशापुढे धरली. माझ्या डोळ्यांना पाणी आले. पण त्याच उन्हाळ्यात दोन निवृत्त जनरल दोन पक्षांच्या व्यासपीठांवर गर्जत होते, आणि सेनाप्रमुखांच्या मंडळाचे माजी अध्यक्ष जनरल डेम्प्सी यांनी त्याविषयी जाहीर नापसंती व्यक्त केली, तेव्हा मला त्यांचेही म्हणणे पटले. ज्याचा पुत्र गेला त्या पित्याने काय बोलावे हे ठरवणारी मी कोण? त्याच्या दुःखावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. माझी मुलगी जिवंत आहे, तिचे मत माझ्याहून भिन्न आहे, आणि ते उघडपणे सांगण्याची तिला मोकळीक नाही. तिच्या गणवेशाचे वजन माझ्या पारड्यात टाकले, तर जो माणूस उलट बोलू शकत नाही त्याच्या नावे मी हुंडी काढल्यासारखे होईल. म्हणून आयकर, निर्वासितांचे कायदे, इस्पितळांची बिले यांविषयी माझी मते मी खुशाल आणि पुष्कळदा गरजेपेक्षा मोठ्याने मांडते. ते चार शब्द तेवढे आधी उच्चारत नाही.

गेल्या निवडणुकीच्या थोडे आधी जावई सेवामुक्त झाला, आणि इतक्या वर्षांच्या मौनाचे उट्टे काढावे तसा लगेच एका उमेदवाराचा भलाथोरला फलक घेऊन आला. मुलगी अद्याप नोकरीत, त्यांचा संसार सरकारी वसाहतीत; तेथे तो लावण्याची सोय नाही. सबब तो फलक आमच्या अंगणात रोवला गेला. तो उमेदवार मला किंचितही पसंत नाही, हे जावयास ठाऊक होते, आणि मलाही एकच अट घालायची होती: त्याच्या शेजारी ‘सैनिकांचा पाठिंबा’ अशी जी दुसरी पाटी त्याने आणली होती, ती लावायची नाही. त्याने थोडी कुरकुर केली आणि ती पाटी मोटारीत परत ठेवली. दुसऱ्या दिवशी समोरच्या बाईंनी कुंपणाशी येऊन, आपण पक्ष बदललात काय, असे मोठ्या काळजीने विचारले. तेव्हा मी त्यांना सांगितले, की अंगण माझे आहे आणि मत जावयाचे आहे, आणि त्यांना वेळ असेल तर माझे मत मी चहाबरोबर सविस्तर सांगेन. त्या आत आल्या.