कायदा मोठा की युनियन मोठी?



तुमच्यापैकी पुष्कळजण गावाहून रोज भिवंडीला कामाला जातात. कुणी मागावर जातो, कुणी गोदामात. तिथे एक वाद नेहमी ऐकू येतो. एक म्हणतो, "सरकारने कायदे केलेत. मग युनियन कशाला? वर्गणी फुकट जाते." दुसरा म्हणतो, "कायदा कागदावर राहतो. युनियनच पाहिजे." आज आपण या वादाचा नीट विचार करू.

आधी जुनी हकीकत पाहू. १८८१ साली आपल्या देशात पहिला कारखाना कायदा झाला. त्याने लहान मुलांच्या कामाला मर्यादा घातली. मोठ्या माणसांना मात्र काहीच दिले नाही. मग १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. हजारोंच्या सह्या घेऊन सरकारकडे अर्ज केला. सहा वर्षे नेट धरला. १८९० साली मालकांनी रविवारची सुटी कबूल केली. १८९१ साली आठवड्याची सुटी कायद्यात आली. म्हणजे आधी माणसे जमली, मग कायदा झाला. रडल्याशिवाय आईदेखील दूध पाजत नाही.

पाठीवर ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांचेही तसेच झाले. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना एकत्र केले. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हमालाची नोंद ठेवायला मंडळे आली.

मग नुसती युनियन पुरे का? तसेही नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढारी होते डॉक्टर दत्ता सामंत. पण १९४६ च्या कायद्याप्रमाणे मालकांशी बोलण्याचा हक्क एकाच युनियनला होता, आणि ती युनियन दुसरी होती. माणसे एकीकडे, कायदा दुसरीकडे. संप वर्षभराहून जास्त चालला. हजारो घरे उघड्यावर आली.

त्या काळात गिरण्यांचे पुष्कळ कापड कुठे विणले गेले? आपल्या भिवंडीच्या मागांवर! इथल्या कामगाराला दोष देऊ नका. त्यालाही पोट होते, आणि त्या युनियनमध्ये त्याला जागा नव्हती. पण धडा घ्या. एका गावचा कामगार जागा आणि शेजारच्या गावचा एकटा, असे असेल तर दोघेही बुडतात.

आता आजचे बोलू. भिवंडीत माग लाखांनी मोजतात. पण ते लहान लहान कारखान्यांत वाटलेले आहेत. का? कायदा माणसे मोजतो. १९४८ च्या मूळ कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी १० कामगार लागत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कायदे लागू झाले. त्यांत हा आकडा २० आहे. मग छप्पर एकच, पण कागदावर मालक तीन! एक भावाच्या नावाने, एक पुतण्याच्या. प्रत्येकाकडे माणसे थोडी. कायदा दारातूनच परत जातो.

पण एक गोष्ट ध्यानात धरा. किमान वेतनाला माणसांची मोजणी नाही. कारखान्यात चार माणसे असोत की चारशे, सरकारने ठरवलेल्या मजुरीहून कमी देता येत नाही. मीटरवर काम करणाऱ्यालाही हे लागू आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळाला पाहिजे. पगाराची चिठ्ठी मिळाली पाहिजे. पैसे बुडाले, तर तीन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. पैसे दिले, हे सिद्ध करायचे काम मालकाचे आहे.

हा अर्ज कामगार एकटा करू शकतो. त्याच्या वतीने नोंदलेली युनियनही करू शकते. पण एकट्याने अर्ज केला, तर दुसऱ्या दिवशी शेठ म्हणेल, "उद्यापासून येऊ नकोस." दहाजणांनी मिळून केला, तर सगळे माग बंद ठेवणे त्याला परवडणार नाही. म्हणून आम्ही म्हणतो, कायदा हे कुलूप आहे आणि युनियन ही पहाऱ्याची माणसे. कुलूप नसेल तर पहारेकरी थकतो. पहारेकरी नसेल तर कुलूप फुटते.

युनियनवरही डोळे मिटून विश्वास टाकू नका. वर्गणीची पावती मागा. वर्षाचा हिशेब मागा. सभेला जा. पुढारी हिशेब दाखवत नसेल, तर त्याला सर्वांसमोर विचारा.

आणि आता तुम्हाला लिहिता येते. हे लहानसहान बळ नव्हे. एक वही घाला. रोज चार गोष्टी लिहा: तारीख, पाळी, किती मीटर विणले, किती उचल घेतली. समजा, तुमच्या वहीत १,२०० मीटर आहेत आणि मेहताजीच्या वहीत १,१००. शंभर मीटरची मजुरी कुठे गेली? पूर्वी तुम्ही मान हलवून अंगठा उठवीत होता. आता वही पुढे ठेवता येईल. शेजारच्या मागवाल्याची वहीही तेच सांगत असेल, तर तक्रार दोघांची झाली. युनियनची सुरुवात अशीच होते.

पुढच्या वेळी येताना ज्याच्याकडे पगाराची चिठ्ठी असेल, त्याने ती आणावी. आपण ती मिळून वाचू.