न बदलणारे शब्द



व्याकरणाचें नांव काढतांच पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते, हें आयुष्यभर खडू झिजविलेल्या माझ्यासारख्या शाळामास्तराला कोणीं सांगावयास नको. तरीही आज अव्ययांविषयीं बोलणार आहें. व्यय म्हणजे खर्च, झीज. वापरून जें झिजत नाहीं तें अव्यय. लिंग, वचन, विभक्ति यांमुळें त्याच्या रूपांत फरक पडत नाहीं. क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी व केवलप्रयोगी हे त्याचे चार प्रकार मुलें धडाधड म्हणून दाखवितात. 'तो चांगला गातो, ती चांगली गाते' यांतलें क्रियाविशेषण बदललें कसें, असें विचारलें म्हणजे मात्र वर्ग चिडीचूप होतो! अशीं क्रियाविशेषणें विकारी असतात. त्यांना अव्यय म्हणतां येत नाहीं.

खरी मौज शब्दयोगी अव्ययांची. 'वर', 'पर्यंत', 'समोर' हीं स्वतः तिळभर हलत नाहींत, शेजाऱ्याला वांकवितात. 'घोडा' असेल तर 'घोड्यावर', 'सातारा' असेल तर 'साताऱ्यापर्यंत'. नामाच्या या वांकलेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात. तें केवळ शोभेचें आहे असें कोणीं समजूं नये. 'दिवा खालीं ठेव' म्हटलें तर हातांतला दिवा जमिनीवर येतो. 'दिव्याखालीं ठेव' म्हटलें तर दिवा जागचा हलत नाहीं, दुसरीच वस्तु त्याच्याखालीं जाते. 'खालीं' हा शब्द दोन्हीकडे तोच. त्याचें नातें क्रियापदाशीं कीं नामाशीं, हें आपणांस 'दिवा' सांगतो, 'खालीं' नव्हे.

म्हणून हल्लीं पाट्यांवर व छापील मजकुरांत 'पुणे पर्यंत', 'ठाणे मध्ये' असें दिसूं लागलें आहे, त्याची मला चिंता वाटते. गांवाच्या नांवाला हात लावला तर तें बिघडेल, अशी कांहीं भीति असावी. आपले आजे-पणजे 'पुण्यापर्यंत' चालत जात, 'ठाण्यामध्यें' मुक्काम करीत. त्यामुळें त्या गांवांचें कांहीं उणें झालें नाहीं.

'च', 'ही', 'देखील' हीं मात्र मोठीं सोवळीं. तीं शेजाऱ्याला धक्काही लावीत नाहींत: 'घोडाच', 'घोडाही'. पण त्यांची जागा फार जपावी लागते. 'त्यानेंच पैसे दिले', 'त्यानें पैसेच दिले', 'त्यानें पैसे दिलेच'. पहिल्यांत देणारा तो एकटा. दुसऱ्यांत त्यानें पैशांवांचून कांहीं दिलें नाहीं. तिसऱ्यांत नको नको म्हणत असतांनाही दिले. न्यायाधीशापुढें साक्ष देणारानें 'च' जरा इकडचा तिकडे केला, तर निकालच फिरावयाचा.

उभयान्वयी 'पण' तर याहून वस्ताद. 'मुलगा हुशार आहे, पण गरीब आहे' असें एका मध्यस्थानें लिहिलें, आणि 'मुलगा गरीब आहे, पण हुशार आहे' असें दुसऱ्यानें. दोन्ही पत्रांत शब्द तेच. पहिलें वाचून मुलीचा बाप पत्रिका परत पाठवील; दुसरें वाचून उपरणें खांद्यावर टाकील आणि मुलाला पाहावयास निघेल.