तेलाचा डबा किती दिवस पुरतो?



गेल्या महिन्यात आम्ही बचत गटातल्या बायकांनी मिळून रक्त तपासून घेतलं. घरातल्या पुरुषांच्या तपासण्या आम्ही आठवणीनं करून घेतो; आमच्यातल्या बऱ्याच जणींची मात्र ही पहिलीच वेळ. चौघींचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. एकीलाही काही त्रास नव्हता. हे दुखणं असंच, दुखतही नाही, खुपतही नाही.

कोलेस्टेरॉल म्हणजे मेणासारखा पदार्थ. शरीराला तो लागतो, आणि आपलं यकृत तो तयारही करतं. त्यातलं एलडीएल जास्त झालं की रक्तवाहिन्यांत थर साचतो. एचडीएल हे जादा कोलेस्टेरॉल परत यकृताकडे नेतं. पाळी जाईपर्यंत इस्ट्रोजेनचा आपल्याला थोडा आधार असतो. पाळी गेली की एलडीएल वाढू लागतं. म्हणून हृदयविकार हा पुरुषांचाच आजार, हा समज सोडू या.

रिपोर्टमध्ये साधारणपणे एकूण कोलेस्टेरॉल २००च्या आत, एलडीएल १००च्या आत आणि बायकांचं एचडीएल ५०च्या वर असावं. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आपली मर्यादा डॉक्टरांना विचारावी. थायरॉईड कमी पडल्यानंही कोलेस्टेरॉल वाढतं, तेही तपासून घ्यावं.

रिपोर्ट आल्यावर आम्ही तेल मोजलं. माणशी दिवसाला चार लहान चमचे धरले, तर चौघांच्या घराला महिन्याला अडीच लिटरच्या आत तेल पुरायला हवं. आमच्याकडे पाच लिटरचा डबा महिनाअखेरीला रिकामा! आता महिन्याचं तेल वेगळ्या बरणीत काढतो आणि फोडणीला चमच्यानंच घालतो. बाटली थेट कढईवर धरायची नाही.

पाकिटावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहिलेलं पाहून फसू नका. कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं. पण पामतेल, डालडा यांतली चरबी आपलं एलडीएल वाढवते. खारी, टोस्ट, फरसाण यांतून ती नकळत पोटात जाते. तळणीचं तेल पुन्हापुन्हा तापवू नका.

मग खायचं काय? ताटात आहे तेच, फक्त प्रमाण बदलून. भाकरीबरोबर घट्ट वरण किंवा मटकी, वाटीभर पालेभाजी, जवसाची चटणी, एखादा पेरू. डाळी, कडधान्यं आणि फळांतला विरघळणारा चोथा कोलेस्टेरॉल शरीराबाहेर टाकायला मदत करतो. वाटणातलं सुकं खोबरं निम्मं करा. रोज अर्धा तास भरभर चाला. घरकाम होतंच, पण ते चालण्याच्या जागी धरू नका. आणि मिश्री सोडा. तंबाखू हृदयाचा वैरी आहे.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. आमच्यातल्या एका ताईंनी लसणाचा काढा सुरू केला आणि डॉक्टरांची गोळी परस्पर बंद केली. तीन महिन्यांनी आकडा पुन्हा चढला. काहींच्या घराण्यातच कोलेस्टेरॉल जास्त असतं, तिथं नुसतं पथ्य पुरत नाही. गोळी चालू असेल तर पथ्य तिच्या जोडीला, तिच्या जागी नाही.

चालताना धाप लागली, छाती, जबडा किंवा पाठ भरून आली, तर ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा पिऊन झोपू नका. लगेच दवाखाना गाठा, १०८ला फोन करा.

मैत्रिणींनो, घरातल्या सगळ्यांची औषधं आपल्याला पाठ असतात. आता स्वतःचा आकडाही पाठ करू या.