गोदावरीचा गाळ



हीरक महोत्सवातील या व्याख्यानासाठी मी गोदावरीच्या मुखाचा विषय घेतला आहे. गोदावरी म्हटले की आपल्याला त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण आठवते. परंतु सुमारे १,४६५ किलोमीटर वाहून ती समुद्राला मिळते ती आंध्र प्रदेशात. आपणही महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे. म्हणून नदीचे हे दुसरे टोक आपल्याला ठाऊक असावे.

दख्खनच्या काळ्या खडकाची झीज होऊन निघालेली माती गोदावरी सोबत नेते. राजमहेंद्रीच्या पुढे उतार मंदावतो, वेग घटतो आणि ओझे पेलवेनासे होते. जाड वाळू आधी खाली बसते. सूक्ष्म चिकणमाती समुद्रापर्यंत जाते. तेथे खाऱ्या पाण्यात तिचे कण एकमेकांना चिकटून जड होतात व तळाशी बसतात. गाळाने पात्र उथळ झाले की पुराचे पाणी काठ फोडून जवळची वाट शोधते. धवळेश्वरमपाशी गोदावरी अशीच गौतमी आणि वसिष्ठा या शाखांत विभागते. त्यांच्या दरम्यानची सुपीक भूमी म्हणजे कोनसीमा. यालाच आपण त्रिभुज प्रदेश म्हणतो.

प्रत्येक नदीला हे साधत नाही. नर्मदा आणि तापी याही गाळ आणतात, पण खंबातच्या आखातातील प्रबळ भरती-ओहोटी तो पसरवून टाकते. म्हणजे समुद्र जितका गाळ नेतो, त्याहून अधिक नदीने आणला, तरच भूमी वाढते.

आज नेमका हाच हिशेब बिघडला आहे. नव्याने साचलेला चिखल स्वतःच्या भाराने दबतो, भूमी खचते. दरवर्षीचा नवा गाळ ही तूट भरून काढत असे. १८५२ साली धवळेश्वरमला आर्थर कॉटन यांचा बंधारा पूर्ण झाला, १९७६ मध्ये पैठणला जायकवाडी उभे राहिले. खोऱ्यात इतरही धरणे झाली. त्यांनी शेतांना पाणी दिले, हे निर्विवाद. मात्र गाळ जलाशयांतच अडकला, आणि मुखाशी किनारा काही ठिकाणी मागे हटू लागला. मराठवाड्यातील धरणाचा परिणाम तेलुगू शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचतो, तो असा.

पालकहो, मुलांना नकाशावर गोदावरी दाखवाल तेव्हा बोट पैठणला थांबवू नका. ते धवळेश्वरमवरून पुढे थेट समुद्रापर्यंत न्या, आणि तेथे राहणाऱ्या माणसांविषयीही त्यांच्याशी बोला.