विडी न ओढणाऱ्यांची धाप



सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसाच्या जुनाट आजाराचा संशय आला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: विडी-सिगारेट ओढता का? प्रश्न योग्यच आहे. तंबाखूचा धूर हे या आजाराचं मोठं कारण आहे. पण समोर साठीची शेतकरी बाई असली, की ‘नाही’ असं उत्तर येतं आणि पुष्कळदा चौकशी तिथेच थांबते. खरं तर ती तिथून सुरू व्हायला हवी. आजी, स्वयंपाक कशावर करता? किती वर्षं?

लग्न होऊन आल्यापासून ती चुलीपुढे बसते आहे. पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या, गोवऱ्या. पावसाळ्यात ओलं सरपण. फुंकणी तोंडाला लावली, की धूर थेट छातीत. त्यातले अतिसूक्ष्म कण नाकात अडकत नाहीत, पार बारीक श्वासनलिकांपर्यंत पोचतात. तिथे वर्षानुवर्षं दाह होत राहतो. नलिका अरुंद होतात, वायुकोशांच्या भिंती झिजतात, आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. मग पाण्याची कळशी उचलतानाही धाप लागते. 2009 साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं, की जगात धूम्रपान करणारे सुमारे 100 कोटी, तर सरपणाचा धूर घेणारे सुमारे 300 कोटी.

शहरातल्या घरांनीही निर्धास्त राहू नये. डासांची एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरतात, आणि आपण दारं-खिडक्या लावून तिच्याशेजारी बाळाला निजवतो! लहानपणी वारंवार झालेला न्यूमोनिया, होऊन गेलेला क्षय, दगडखाणीतली धूळ यांनीही फुफ्फुसं अधू होतात.

2016 पासून उज्ज्वला योजनेतून घरोघरी गॅस आला. तरी सिलिंडर पुन्हा भरायला पैसे नसतात, म्हणून चूल पेटतेच. त्याचा दोष त्या बाईला देऊ नये. निदान सरपण वाळलेलं असावं, धूर बाहेर जायला वाट असावी, लेकरं चुलीपासून लांब असावीत.

गेलेली फुफ्फुसाची ताकद परत येत नाही. पुढची झीज मात्र कमी करता येते. म्हणून खोकला आणि धाप हटत नसेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. नळीत जोरानं फुंकायची स्पायरोमेट्री ही तपासणी करून घ्या, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी चुलीचं आवर्जून सांगा.