पोथीतली जादा ओळ

जबडा नसलेले मासे असतात, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, विज्ञान शाळेतच सुटलं. पण या माशांच्या नात्यांचा वाद वाचला आणि तो मला ओळखीचा वाटला.

या माशांची आज दोनच घराणी उरली आहेत, लॅम्प्रे आणि हॅगफिश. दोन्ही वामासारखे लांबट. हॅगफिशला धड मणके नाहीत, डोळ्यांत भिंग नाही. लिनियसनं १७५८ साली त्याला चक्क कृमींत बसवलं होतं! १८०६ साली द्युमेरील या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं दोघांना एका घरात घेतलं. १९७० नंतर अनेक अभ्यासकांनी ते घर मोडलं. लॅम्प्रेला पाठीत कूर्चेचे लहान तुकडे असतात, म्हणून तो जबडेवाल्यांचा, म्हणजे आपलाही, जवळचा नातेवाईक. हॅगफिश मात्र आधीच वेगळा झालेला, असं ठरलं.

रेणूंची साक्ष निराळी निघाली. श्रोतेहो, जुन्या पोथ्या तपासणारे काय करतात? बरोबर मजकूर सगळ्याच नकलांत असतो. त्यावरून जवळचं नातं कळत नाही. पण एकच जादा ओळ दोन पोथ्यांत सापडली आणि इतरांत नसली, तर त्या दोन्ही एकाच प्रतीवरून उतरवल्या असाव्यात. पेशीतल्या सूक्ष्म आरएनएचंही तसंच. ते एकदा आले की सहसा जात नाहीत. २०१० साली केव्हिन पीटरसन आणि सहकाऱ्यांना अशा रेणूंची चार कुळं फक्त या दोघांत सापडली. म्हणजे दोघे सख्खे भाऊच.

मग हॅगफिशचे मणके? २०११ साली जपानी संशोधकांना त्याच्या शेपटीकडच्या भागात मणक्यांच्या खुणा दिसल्या. जे मुळात नव्हतंच असं वाटलं, ते बहुधा वाटेत हरवलं होतं.

मला सर्वांत भावले ते फिलिप जानव्हिए, पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातले जीवाश्मतज्ज्ञ. दोघांना वेगळं मानणाऱ्या पहिल्या काही जणांत ते होते. २०१० चा पुरावा पाहून त्यांनी छापील लेखात तसं सांगितलं आणि आपलं मत सोडण्याची तयारी दाखवली.

तीस वर्षं कविता लिहितोय, पण छापून आलेली स्वतःची एक ओळ चुकली, असं म्हणायला मला अजून जड जातं.