खेड्यातील कुत्री-मांजरे आणि शाळेतील मूल



शाळेची घंटा झाली, की मुलांच्या मागोमाग एखाददुसरा कुत्राही शाळेच्या आवाराशी येतो, ही गोष्ट खेड्यातील कोणाही शिक्षकास नवी नाही. ज्या घरचा तो असतो, त्या घरच्या मुलाला पोहोचवून तो झाडाच्या सावलीत पडून राहतो आणि खिचडी शिजू लागल्याचा वास येताच उठून बसतो. घरी चुलीच्या उबेला मांजर असते. मुलाचे या दोन प्राण्यांशी जितके सख्य असते, तितके गोठ्यातील बैलाशीही नसते.

पाळीव प्राण्यांचा पाठ शिकविताना कुत्रा घराची राखण करतो आणि मांजर उंदीर मारते, एवढे बहुधा सांगितले जाते. प्राणी माणसासाठी काय करतो, हे मुलाला कळते. माणसाने प्राण्यासाठी काय करावे, हे कळावयाचे राहून जाते. हे राहून गेलेले ज्ञान केवळ त्या मुक्या जिवाच्या सुखाचे आहे असे नव्हे. कित्येकदा मुलाच्या प्राणाशीही त्याचा संबंध पोहोचतो. म्हणूनच हा विषय प्राथमिक शिक्षकाच्या विचाराचा आहे.

भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या संत नामदेवांची कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. कोरडी भाकरी त्या जिवाला बोचेल, ही त्या धावण्यामागील कळकळ होती. ती करुणा मुलांच्या ठिकाणी उपजतच असते. तिला ज्ञानाची जोड देणे, हे शिक्षकाचे काम.

पहिली गोष्ट अन्नपाण्याची. खेड्यात कुत्र्याला उरलीसुरली भाकरी आणि ताक मिळते. त्यावर तो जगतो, पण त्याची प्रकृती धड राहत नाही. कुत्र्याला भाकरी-भाताबरोबर अंडे, मासळी किंवा मांस यांपैकी काहीतरी अधूनमधून मिळावयास हवे. कांदा व लसूण त्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात, म्हणून फोडणीची आमटी त्याच्या पुढे ओतू नये. चॉकलेट त्याला विषासमान आहे. मुले प्रेमाने तेच देतात. कोंबडीचे शिजलेले हाड चिरफाळून त्याच्या घशात वा आतड्यात रुतते. पिण्याचे पाणी मात्र चोवीस तास हवे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे, हाच त्याचा अंग निववण्याचा मुख्य उपाय. म्हणून वैशाखात पत्र्याच्या छपराखाली पाण्यावाचून बांधलेला कुत्रा दोन-तीन तासांतही दगावू शकतो. सावलीत ठेवलेले एक मातीचे परळ आणि त्यात दोन वेळा बदललेले पाणी, एवढ्याने हे संकट बव्हंशी टळते.

मांजराच्या आहाराविषयी तर मोठा गैरसमज आहे. दूधभातावर मांजर वाढते, असे समजतात. वास्तविक मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. मांसात असणारे काही घटक त्याचे शरीर स्वतः पुरेसे तयार करू शकत नाही. ते न मिळाल्यास त्याची दृष्टी आणि हृदय दुबळे होते. मोठेपणी पुष्कळ मांजरांना दूध पचतही नाही. तेव्हा दूधभाताच्या जोडीला मासळीचे तुकडे वा अंडे द्यावे. भुकेले मांजर उंदीर अधिक मारील, या समजुतीने त्याला उपाशी ठेवणेही चुकीचे. शिकार हा त्याचा स्वभाव आहे. पोट भरलेले मांजरही उंदरावर झडप घालते.

दुसरी गोष्ट आरोग्याची. गोचीड, पिसवा, लूत आणि जंत हे या प्राण्यांचे नित्याचे वैरी. गोचिडांवर पिकावर फवारावयाचे औषध किंवा रॉकेल चोळण्याची रीत काही ठिकाणी दिसते. ती जीवघेणी आहे. कुत्रा अंग चाटतो आणि विष पोटात जाते. मांजर तापले म्हणून त्याला माणसाची तापाची गोळी देणे, हेही तसेच. ज्या पॅरासिटामोलने मुलाचा ताप उतरतो, त्याच्या एका गोळीने मांजराचा प्राण जातो. औषध विचारावयाचे ते गुरांच्या दवाखान्यातच. पिल्लांना जंताचे औषध वेळेवर द्यावे लागते, कारण आईकडूनच जंत त्यांच्या पोटात येतात आणि त्यांची अंडी विष्ठेवाटे अंगणातील मातीत पडतात. मातीत खेळणारे मूल हात न धुता जेवावयास बसले, म्हणजे ती त्याच्याही पोटात जातात. हात धुण्याचा जो पाठ शाळेत रोज दिला जातो, त्याचे हे आणखी एक कारण मुलांना सांगता येईल.

गल्लीत कुत्री व्याली, की पिल्लाचे डोळे उघडतात न उघडतात तोच मुले ते दप्तरात घालून घरी आणतात. पिल्लू निदान आठ आठवडे आईपाशी राहिले पाहिजे. आईचे दूध त्याला बळ देते, आणि भावंडांशी खेळताना किती जोराने चावावयाचे नाही, हेही ते शिकते. तीन महिन्यांचे झाल्यावर त्याला रेबीजची, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाची, लस टोचून घ्यावी आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने दर वर्षी ती द्यावी. मांजरालाही ही लस लागते. नको असलेली पिल्ले गोणीत भरून वेशीबाहेर सोडण्यापेक्षा मादीची शस्त्रक्रिया करून घेणे, हाच माणुसकीचा मार्ग होय.

तिसरी गोष्ट वळण लावण्याची, आणि या बाबतीत शिक्षकास निराळे शिकविण्याचे कारण नाही. शब्द एकच असावा, तो घरातील सर्वांनी सारखाच वापरावा आणि सांगितल्याप्रमाणे घडले की तत्क्षणी शाबासकी वा घास मिळावा. 'बस' म्हणताच कुत्रा बसला आणि त्याच क्षणी भाकरीचा तुकडा मिळाला, तर थोड्याच दिवसांत त्याला तो शब्द कळतो. सकाळी केलेल्या खोडीबद्दल दुपारी मारले, तर मार कशाचा हे त्याला उमगत नाही. माणूस मारतो, एवढेच तो शिकतो. रात्रंदिवस आखूड साखळीने बांधलेला आणि काठीने वाढविलेला कुत्रा राखणदार होतो, ही समजूत खोटी आहे. तो भित्रा होतो, आणि भित्रा कुत्रा अधिक चावतो. मांजराला वळण थोडे. पण राखेने वा वाळूने भरलेले एक घमेले कोपऱ्यात ठेवले, तर ते आपण होऊन घर स्वच्छ ठेवते.

प्राण्याला शिकवावयाचे, तितकेच मुलालाही शिकवावयाचे असते. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळ असलेल्या कुत्र्याला हात लावू नये. शेपूट हलली म्हणजे कुत्रा खूश आहे, असे दर वेळी नसते. अंग ताठ, नजर रोखलेली आणि ओठ वर उचललेला असेल, तर तो 'दूर हो' असे सांगत असतो. अनोळखी कुत्रा अंगावर आला, तर पळू नये, ओरडू नये, दगड उचलू नये. हात अंगाशी धरून झाडासारखे स्तब्ध उभे राहावे आणि त्याच्या डोळ्यांत पाहू नये. खाली पडल्यास गुडघे पोटाशी घेऊन दोन्ही हातांनी मान व कान झाकावेत. हा पाठ वाचून दाखविण्याचा नव्हे. मैदानावर दोन वेळा करवून घेण्याचा आहे.

आता या विषयातील सर्वांत गंभीर भाग.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे माणसाला होणाऱ्या रेबीजच्या ९९ टक्क्यांपर्यंत घटनांत हा रोग कुत्र्याकडून येतो, आणि संशयित प्राणी ज्यांना चावतात, त्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. मूल ठेंगणे असल्याने त्याच्या तोंडामानेवर चावा बसण्याचा संभव अधिक, आणि मेंदूजवळचा चावा अधिक घातक. विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. या प्रवासास बहुधा एक ते तीन महिने लागतात, क्वचित आठवडा, क्वचित वर्षाहून अधिक. एकदा पाण्याची भीती, झटके अशी लक्षणे दिसू लागली, की जवळजवळ कोणताच रोगी वाचत नाही. परंतु त्या आधीच्या काळात योग्य उपचार वेळीच झाले, तर हा मृत्यू निश्चित टाळता येतो. एका बाजूस इतका भयंकर आणि दुसऱ्या बाजूस इतका टाळता येण्याजोगा रोग विरळाच.

मग मुले का दगावतात? पुष्कळदा याचे कारण औषधाचा अभाव हे नसून मुलाचे मौन हे असते. इयत्ता तिसरीतील एखादा मुलगा पिल्लाला हात लावावयास जातो आणि कुत्री त्याच्या पोटरीला चावते. 'कुत्र्याच्या वाटेला जाऊ नकोस,' असे त्याला घरी बजावलेले असते. सांगितले तर मार बसेल, शिवाय 'पोटात चौदा सुया घ्याव्या लागतील,' असे आजोबांनी कधीकाळी भिवविलेले असते. मुलगा जखमेवर माती लावतो, विजार खाली ओढतो आणि गप्प बसतो. जखम चार दिवसांत भरते आणि तो ती विसरतो. रोग मात्र विसरत नाही.

या मौनाला वाचा फोडणे, हेच या बाबतीत शिक्षकाचे पहिले कर्तव्य. 'कुत्रा, मांजर वा माकड चावले, ओरबाडले किंवा फुटलेल्या कातडीवर चाटून गेले, तर त्याच दिवशी गुरुजींना किंवा बाईंना सांगावयाचे. सांगणाऱ्यास कोणी रागावणार नाही,' असे वचन शिक्षकाने वर्गाला द्यावे आणि ते अक्षरशः पाळावे. ज्या वर्गात चूक कबूल करणाऱ्या मुलाला छडी बसते, तेथे चाव्याची गोष्ट कोणी सांगणार नाही, हे उघड आहे. पोटातील सुयांची भीतीही निराधार आहे. ती जुनी लस मेंदूच्या ऊतीपासून बनत असे. भारतात तिचे उत्पादन २००४ साली थांबले. आजची लस दंडात देतात. सरकारी दवाखान्यांत त्वचेत टोचण्याची जी पद्धत आहे, तीत सुरुवातीचा दिवस शून्य धरून ३, ७ व २८ या दिवशी पुढील मात्रा दिल्या जातात.

चावा कळताच करावयाचे पहिले काम शाळेतच होण्याजोगे आहे. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पुरी १५ मिनिटे धुवावी. साबण विषाणूचे कवच मोडतो. म्हणून ही घाईने उरकण्याची गोष्ट नव्हे, घड्याळ लावून करण्याची आहे. तिखट, चुना, हळद, तेल काहीही भरू नये. पट्टी आवळून बांधू नये. नंतर मुलास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. जखमेतून रक्त आले असल्यास लसीच्या जोडीने जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते; त्याची विचारणा अवश्य करावी. कुत्रा घरचा आहे, त्याला लस दिली आहे, त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवावी, हे सर्व खरे. पण त्यासाठी उपचार सुरू करण्याचे थांबवू नये. मंत्र आणि गंडेदोरे यांत गेलेला वेळ परत मिळत नाही. पुढील मात्रांच्या तारखा शिक्षकाने आपल्या वहीत टिपून ठेवल्या, तर शेतीच्या धांदलीत आईबापांकडून त्या चुकणार नाहीत.

या लसीचा आरंभच मुळी एका शाळकरी वयाच्या मुलापासून झाला. आल्सास प्रांतातला नऊ वर्षांचा जोसेफ मीस्टर पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यांनी घायाळ झाला, तेव्हा त्याच्या आईने त्याला पॅरिसला नेले. तेथे ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली त्याला लस देण्यास प्रारंभ झाला आणि तो मुलगा वाचला. आईने विलंब केला नाही, ही गोष्ट शास्त्रज्ञाच्या प्रतिभेइतकीच महत्त्वाची आहे. पाश्चर यांचा स्मृतिदिन २८ सप्टेंबर हा आता जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो.

सार्वजनिक प्रयत्नाने काय साधते, याचे उदाहरण शेजारीच आहे. गोव्यात २०१४ पासून गावोगाव कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम चालली आणि तिच्या जोडीला शाळाशाळांतून मुलांना हेच धडे दिले गेले. २०२१ साली गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. गावातील १०० कुत्र्यांपैकी ७० कुत्र्यांना लस मिळाली, तर रोगाची साखळी तुटते, असे शास्त्र सांगते. कुत्र्यांना विष घालून हे साधत नाही. मेलेल्यांच्या जागी लस न दिलेले नवे येतात.

शाळेस याकरिता वेगळा खर्च नाही. परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांनी आपापल्या घरच्या कुत्र्या-मांजरांची यादी करावी. नाव, वय, लस दिल्याची तारीख आणि पाण्याचे भांडे आहे की नाही, एवढे चार रकाने पुरेत. ती यादी ग्रामपंचायतीमार्फत पशुवैद्यकीय दवाखान्याकडे गेली, तर लसीकरणाचा दिवस ठरविणे सोपे होईल. खिचडीचे खरकटे उघड्यावर न टाकता खड्ड्यात पुरावे, म्हणजे जेवणाच्या वेळी मोकाट कुत्री आवारात जमणार नाहीत. आणि फळ्याच्या कोपऱ्यात पाच वाक्ये कायमची लिहून ठेवावीत:

१. जनावराला पाणी आणि सावली द्या.
२. जेवणाऱ्या, झोपलेल्या, पिल्ले असलेल्या कुत्र्याला छेडू नका.
३. कुत्र्यामांजराला लस टोचून घ्या.
४. चावल्यास साबणाने १५ मिनिटे जखम धुवा.
५. त्याच दिवशी सांगा.

ही पाचही वाक्ये पाळणारे मूल दयाळू होईल, स्वच्छ राहील आणि सुरक्षितही राहील. त्यांतील पाचवे वाक्य मात्र मुलापेक्षा शिक्षकावर अधिक अवलंबून आहे. मूल ज्याला भीत नाही, त्यालाच ते आपली जखम दाखविते.